हलक्या दुचाकीकडून दूरपल्ल्याच्या अवजड मोटारसायकलकडे : वाहनबदलाचे शास्त्र आणि चालकाची जबाबदारी

सारांश : शंभर ते सव्वाशे घन सेंटिमीटर क्षमतेची हलकी मोटारसायकल अनेक वर्षे चालविलेला चालक जेव्हा दूरच्या प्रवासासाठी अवजड व अधिक शक्तीची मोटारसायकल घेतो, तेव्हा त्याचा पूर्वानुभव काही बाबतींत उपयोगी पडतो, तर काही बाबतींत घातक ठरतो. वजन, शक्ती, ब्रेक व वळण या चार अंगांनी या बदलाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले असून, हा बदल टप्प्याटप्प्याने कसा करावा याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अवजड मोटारसायकल, गुरुत्वमध्य, ब्रेकअंतर, परवाना पद्धती, चालक प्रशिक्षण.

प्रस्तावना

भारतात मोटारसायकल हे प्रामुख्याने कामावर जाण्या-येण्याचे साधन आहे. शेतकरी, शिक्षक, दूधवाला, कारखान्यातील कामगार या सर्वांच्या दारात उभी असलेली गाडी साधारणतः शंभर ते दीडशे घन सेंटिमीटर क्षमतेची असते. ती कमी इंधनात अधिक अंतर कापते, गल्लीबोळांतून सहज निघते आणि बंद पडली तर ढकलतही नेता येते. या वर्गाच्या पलीकडे दीर्घकाळ एक ठळक नाव होते, ते म्हणजे बुलेट. इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेल्या या गाडीची जुळणी १९५५ पासून मद्रास येथे होऊ लागली आणि सैन्य, पोलीस व हौशी प्रवासी यांच्यामुळे ती भारतीय रस्त्यांवर रूढ झाली. गेल्या दोन दशकांत मात्र चित्र पालटले आहे. साडेतीनशे ते साडेसहाशे घन सेंटिमीटर क्षमतेच्या अनेक गाड्या बाजारात आल्या आहेत. सह्याद्रीचे घाट, कोकणचा किनारा किंवा थेट लडाख असा प्रवास योजणारा तरुण व मध्यमवयीन वर्ग त्यांच्याकडे वळत आहे.

हा बदल वरवर पाहता साधा वाटतो. क्लच डाव्या हाताला, पुढचा ब्रेक उजव्या हाताला, गिअर डाव्या पायाला. सारे ओळखीचेच असते. नेमक्या या ओळखीमुळेच धोका लपून राहतो.

अनुभवाचा भ्रम

अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अपघातग्रस्त चालकांचा रस्त्यावरील एकूण अनुभव सरासरी जवळजवळ तीन वर्षांचा होता. परंतु त्यांपैकी निम्म्याहून अधिक चालकांना अपघात झालेल्या त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. आणीबाणीच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरविले आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा वापर केला नाही, असेही त्यात आढळले. गाडी वेगाने बाजूला वळवून धडक टाळण्याचे कौशल्य तर जवळपास दिसलेच नाही.

हा अभ्यास जुना व परदेशातील असला, तरी त्यामागील तत्त्व कालबाह्य झालेले नाही. वाहन चालविण्याचे कौशल्य हे बहुतांशी शरीराच्या सवयींत साठलेले असते, आणि या सवयी एका विशिष्ट गाडीच्या वजनाशी व प्रतिसादाशी जुळलेल्या असतात. गाडी बदलली की सवयी आपोआप बदलत नाहीत. जुन्या बुलेटचे उदाहरण येथे बोलके आहे. तिचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. इतर गाड्यांवरून तिच्यावर बसणारा चालक निवांत असताना हे लक्षात ठेवी. पण समोर अचानक जनावर आडवे आले की त्याचा उजवा पाय जुन्याच जागी ब्रेक शोधी. आजच्या गाड्यांत हा फरक उरलेला नाही. वजनाचा आणि शक्तीचा फरक मात्र कायम आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

वजन आणि तोल

तुलनेसाठी दोन सर्वपरिचित गाड्या घेता येतील. हिरो स्प्लेंडर प्लस या ९७.२ घन सेंटिमीटर क्षमतेच्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो व शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती आहे. २०२३ च्या अखेरीस आलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन ही ४५२ घन सेंटिमीटर क्षमतेची गाडी सुमारे १९६ किलो वजनाची व ४० अश्वशक्तीची आहे.

वजनातील हा फरक चालत्या गाडीत फारसा जाणवत नाही. थांबताना, वळविताना व ढकलताना तो एकदम प्रकट होतो. २०० किलो वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानले, तर ती उभ्या स्थितीपासून ५ अंश कलली असता सुमारे एक मीटर उंचीवरील हँडलाला धरून ती थोपविण्यासाठी साधारण १० किलोभाराइतका जोर पुरतो. १० अंशांना हाच जोर १९ किलोभारापर्यंत, २० अंशांना ३८ किलोभारापर्यंत आणि ३० अंशांना ५५ किलोभारापर्यंत वाढतो. हलकी गाडी बरीच कलल्यावरही पायाच्या जोरावर सावरता येते, हा चालकाचा जुना अनुभव असतो. अवजड गाडीत सावरण्याची संधी केवळ पहिल्या काही अंशांतच असते. त्यानंतर ती पाडू देणे व आपला पाय तिच्याखालून काढून घेणे हेच शहाणपणाचे ठरते.

यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. थांबताना हँडल सरळ असावे आणि हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नये, हा पहिला नियम. थांबण्याची जागा आधीच पाहून ठेवावी, हा दुसरा. पाय टेकायचा तिथे खड्डा, उतार किंवा सुटी खडी असेल तर गाडी पडणारच, मग चालक कितीही बलवान असो. दूरपल्ल्याच्या गाड्यांचे आसनही उंच असते. स्प्लेंडरचे आसन सुमारे ७८५ मिलिमीटर, तर हिमालयनचे सुमारे ८२५ मिलिमीटर उंचीवर आहे. बेताच्या उंचीच्या चालकासाठी हे चार सेंटिमीटर निर्णायक ठरू शकतात.

पडलेली गाडी उचलण्याचीही एक रीत आहे. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडावे व गाडी गिअरमध्ये ठेवावी. मग गाडीकडे पाठ करून, आसनाला पाठीचा खालचा भाग टेकवून, एका हाताने हँडलाचे टोक व दुसऱ्याने मागची कडी धरावी आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या बळावर हळूहळू मागे पावले टाकीत गाडी उभी करावी. कमरेत वाकून गाडी ओढणाऱ्याच्या मणक्याला इजा होते.

शक्ती, वेग आणि ब्रेक

७० किलो वजनाचा चालक धरून हिशेब केला, तर वरील उदाहरणातील अवजड गाडीत दर किलोमागे उपलब्ध होणारी शक्ती हलक्या गाडीच्या साडेतीनपटीच्या जवळ जाते. हलक्या गाडीत ट्रक ओलांडण्यास लागणारा वेळ चालकाला विचार करायला भाग पाडतो. शक्तिमान गाडीत तो निर्णय मनगटाच्या एका हालचालीत होऊन जातो. शिवाय मोठे इंजिन शांतपणे चालत असल्याने ताशी ९० किलोमीटरचा वेग ६० सारखा भासतो.

भौतिकशास्त्र मात्र भासावर चालत नाही. हलकी गाडी व तिचा चालक मिळून १८२ किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २५ किलोज्यूल असते. अवजड गाडी, चालक, ६० किलोचा सहप्रवासी व २० किलो सामान असे ३४६ किलो वजन ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना ही ऊर्जा सुमारे १०८ किलोज्यूल, म्हणजे चौपटीहून अधिक होते. ही सर्व ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते.

थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो असे मानल्यास, ताशी ६० च्या वेगाला थांबण्यास सुमारे ४० मीटर लागतात; ताशी ९० ला सुमारे ७७ मीटर. वेग दीडपट झाला, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट झाले.

ब्रेक लावताना भार पुढच्या चाकाकडे सरकतो. चालकासह २७० किलो वजन, ६० सेंटिमीटर उंचीचा गुरुत्वमध्य आणि दोन चाकांच्या आसांत १.४५ मीटर अंतर असेल, तर वरील दराने वेग घटताना सुमारे ६८ किलोभार मागून पुढे जातो. आधी दोन्ही चाकांवर समान असलेला भार पुढे तीन चतुर्थांश व मागे एक चतुर्थांश असा विभागला जातो. साहजिकच थांबविण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. भारतात मात्र 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो' हा समज पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आहे. अर्धवट झिजलेल्या टायरच्या हलक्या गाडीवर, मातीच्या रस्त्यावर तो समज कसाबसा चालून जातो. अवजड गाडीवर तो जीवघेणा ठरतो. पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता, भार पुढे सरकेल तसा दाब वाढवीत नेणे ही सवय रिकाम्या मैदानात जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा (एबीएस) बंधनकारक आहे. ही यंत्रणा चाक घसरू देत नाही. परंतु चालकाने जो ब्रेक दाबलाच नाही, तो ती दाबत नाही.

वळण आणि घाट

वळणावर गाडी किती कलवावी लागते हे तिच्या वजनावर नव्हे, तर वेगावर व वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे २३ अंश, तर ताशी ५० ला सुमारे ३३ अंश कल लागतो. वेगातील दहाची वाढ किरकोळ वाटते, पण ती चालकाला टायरच्या पकडीच्या मर्यादेजवळ नेते. अवजड गाडी कलण्यास अधिक जोर मागते. हा जोर हँडलावर उलट दिशेने दिलेल्या हलक्या दाबाने मिळतो : डावीकडे वळायचे तर डाव्या मुठीला पुढे ढकलावे लागते. हलक्या गाडीवर ही क्रिया नकळत होते. अवजड गाडीवर ती समजून करावी लागते.

ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी यांसारख्या घाटांत पावसाळ्यात तांबडी माती व शेवाळ रस्त्यावर येते. तेथे वेग वळणाआधीच कमी करावा, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध वापरावा आणि चढण चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. मागे सहप्रवासी व मागच्या चाकापलीकडे लोंबणारे सामान असेल तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल भिरभिरल्यासारखे वाटते. म्हणून जड सामान खाली व गाडीच्या मध्याजवळ बांधावे, टायरमधील हवा व मागचे शॉक अॅब्सॉर्बर वाढलेल्या भाराप्रमाणे जुळवून घ्यावेत.

परवाना पद्धतींची तुलना

युरोपीय संघात २०१३ पासून लागू झालेल्या पद्धतीनुसार मोटारसायकलचे परवाने श्रेणीबद्ध आहेत. पहिली श्रेणी १२५ घन सेंटिमीटर व ११ किलोवॅटपर्यंत, दुसरी ३५ किलोवॅटपर्यंत आणि तिसरी अमर्याद शक्तीसाठी आहे. दुसऱ्या श्रेणीत किमान दोन वर्षे काढल्यावर तिसरी श्रेणी मिळू शकते. जपानमध्ये ४०० घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. त्याच्या परीक्षेत ३० सेंटिमीटर रुंद व १५ मीटर लांब पट्टीवरून न पडता जाण्यास किमान १० सेकंद लावावे लागतात. म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरहूनही कमी वेगाने तोल राखावा लागतो. वेगाने जाण्याचे नव्हे, तर सावकाश जाण्याचे कौशल्य तेथे कसास लावले जाते.

भारतात 'गिअर असलेली मोटारसायकल' असा एकच वर्ग आहे. शंभर घन सेंटिमीटरच्या गाडीवर 'आठ'चा आकडा काढून मिळविलेला परवाना दोनशे चाळीस किलोच्या गाडीसही चालतो. कायद्याने न घातलेली पायरी येथे चालकालाच स्वतःसाठी घालून घ्यावी लागते.

ही पायरी अवघड नाही. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात अर्ध्या क्लचवर व मागच्या ब्रेकच्या हलक्या आधाराने सावकाश वर्तुळे काढणे, क्रमाक्रमाने वाढत्या वेगावरून पूर्ण ब्रेक लावणे आणि गाडी हाताने ढकलून वळविणे. त्यानंतर ओळखीच्या रस्त्यांवर एकट्याने व सामानाविना प्रवास. मग घाट, मग सामान, आणि सर्वांत शेवटी सहप्रवासी, असा क्रम योग्य होय. भारतीय मानक चिन्हाचे, हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट या प्रत्येक टप्प्यावर हवेच, आणि ते मागे बसणाऱ्यालाही हवे.

समारोप

अवजड मोटारसायकल ही हलक्या गाडीची मोठी आवृत्ती नसून ते वेगळ्या स्वभावाचे वाहन आहे. ती दूरच्या प्रवासात स्थैर्य, आराम व शक्तीचा साठा देते. त्याच्या बदल्यात ती आधी विचार करण्याची अपेक्षा ठेवते. दहा वर्षे दुचाकी चालविणाऱ्या माणसाने पुन्हा काही महिने स्वतःला शिकाऊ मानणे हे त्याच्या अभिमानास जड जाते. परंतु त्याच्या मागे बसणाऱ्या व्यक्तीने स्वतःचा जीव त्याच्या हाती सोपविलेला असतो, आणि तिला गाडीची शक्ती नव्हे, तर चालकाचा विवेकच वाचवू शकतो.