तारांकित भाषेचे प्रत्यय

साबणाला चेक भाषेत 'मीद्लो' म्हणतात, रशियनमध्ये 'मिलो'. दोन्ही शब्द 'धुणे' या अर्थाच्या एकाच धातूपासून झाले आहेत. मग चेकमधला 'द' मूळचा, की नंतर घुसलेला? उत्तर शरीराच्या नावात सापडते. शरीर म्हणजे चेकमध्ये 'त्येलो', रशियनमध्येही जवळपास तेच. 'ल'च्या आधी 'द' घालण्याची खोड चेक जिभेला असती, तर 'त्येद्लो' ऐकू आले असते. तसे कोणी म्हणत नाही. म्हणजे 'द' मूळचाच, रशियनने तो गाळला.

एवढ्या पडताळ्यातून आदिस्लाव भाषेचा, म्हणजे चेक, रशियन यांसारख्या स्लाव भाषांच्या समान पूर्वजभाषेचा, '-द्लो' हा प्रत्यय हाती येतो. तो धातूला लागला की त्या कामाच्या साधनाचे नाव तयार होते. या भाषेतला एकही लेख उपलब्ध नाही. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रसारक बंधू ८६३ च्या सुमारास मोराव्हियात गेले आणि स्लाव बोली लिहिली जाऊ लागली, तोवर बोलींच्या वाटा फुटू लागल्या होत्या. म्हणून आदिस्लाव रूपांपुढे अभ्यासक तारका छापतात: हे कुठे लिहिलेले नाही, तुलनेतून सिद्ध केले आहे.

शब्दांपेक्षा प्रत्ययांची साक्ष मला मोलाची वाटते. शब्द व्यापाराबरोबर सहज येतो. परका प्रत्यय रुजायला मात्र तो लागलेले बरेच शब्द आधी उचलावे लागतात. तरीही हे घडते. जुन्या स्लाव बायबलमधला 'मितार', म्हणजे करवसुली करणारा, गॉथिक 'मोतारीस'सारख्या एखाद्या जर्मानिक शब्दाचा वंशज आहे. त्यातला '-आर' जर्मानिक लोकांनी लॅटिन '-आरिउस'वरून घेतला होता. स्लावांनी तोच आपल्या 'रिबा'ला, म्हणजे माशाला जोडला आणि कोळ्यासाठी 'रिबार' घडवला.

काही प्रत्यय मात्र फार जुन्या घराण्यातले आहेत. आदिस्लाव 'नागोता' आणि संस्कृत 'नग्नता' यांत धातूही एक, भाववाचक प्रत्ययही एक. 'चांगुलपणा' या अर्थाच्या 'दोब्रोता'तही तोच '-ता' आहे.

आणि हे प्रत्यय अजून कामात आहेत. विमानाला नाव हवे होते तेव्हा चेकांनी उडण्याच्या धातूला '-द्लो' लावून 'लेताद्लो' केले. रशियनने यंत्रांसाठी बऱ्याचदा माणसांचा प्रत्यय वापरला: शिक्षक तो 'उचीतेल', तसे इंजिन 'द्वीगातेल', म्हणजे हलवणारा. या '-तेल'चे नाते अभ्यासक 'दातृ', 'कर्तृ' यांतल्या '-तृ'शी जोडतात.