स्त्रियांच्या मासिक पाळीचे आरोग्य आणि आहारातील बिया : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या आहारात बियांना जुने स्थान आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, जेवणात कारळ्याची किंवा जवसाची चटणी असते आणि बाळंतिणीस अळिवाचे लाडू दिले जातात. यांपैकी अळिवाला संस्कृत वैद्यकग्रंथांत 'चंद्रशूर', तर जवसाला 'अतसी' असे नाव आहे. तीळ उष्ण असून त्यांनी अडलेली पाळी येते, हा समजही घरोघरी आढळतो. अलीकडे याच बिया 'सीड सायकलिंग' या नव्या नावाने आपल्या विद्यार्थिनींपर्यंत मोबाईलच्या पडद्यावरून पोहोचल्या आहेत. घरातील बरणीतली वस्तू पाकिटातून, चढ्या भावाने परत आली, एवढाच फरक असता तर या लेखाचे कारण नव्हते. परंतु आता तिच्याबरोबर संप्रेरकांचे संतुलन साधण्याचे आश्वासनही दिले जाते. हे आश्वासन कितपत खरे आहे, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

बीजचक्राची कल्पना व तिची परीक्षा

पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीजविमोचनापर्यंतच्या पूर्वार्धात बीजकोशातील पुटक वाढते व इस्ट्रोजेनचे प्रमाण चढत जाते. बीजविमोचनानंतर त्याच पुटकाचा पीतपिंड बनतो व प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. बीजचक्राचे पुरस्कर्ते या दोन अवस्थांसाठी दोन जोड्या सांगतात : पूर्वार्धात जवस व भोपळ्याच्या बिया, उत्तरार्धात तीळ व सूर्यफुलाच्या बिया, प्रत्येकी साधारण एक चमचा. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांनी चंद्रकलांप्रमाणे, म्हणजे अमावास्या व पौर्णिमा पाहून, जोडी बदलावी असेही सांगितले जाते.

या कल्पनेत तथ्याचा एक अंश निश्चित आहे. जवसात लिग्नान नावाची वनस्पतिजन्य द्रव्ये इतर अन्नपदार्थांच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात असतात. आतड्यातील जीवाणू त्यांचे एन्टरोडायॉल व एन्टरोलॅक्टोन यांत रूपांतर करतात. या द्रव्यांची रचना इस्ट्रोजेनशी काहीशी मिळतीजुळती असल्यामुळे ती सौम्य परिणाम करू शकतात. या संदर्भात 1993 मध्ये प्रसिद्ध झालेला फिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतील प्रयोग वारंवार सांगितला जातो. नियमित पाळी असलेल्या 18 स्त्रियांना रोज 10 ग्रॅम जवसाची पूड देण्यात आली. जवस नसलेल्या चक्रांत उत्तरार्ध सरासरी 11.4 दिवसांचा होता, तो जवस घेतलेल्या चक्रांत 12.6 दिवसांचा झाला. जवसाच्या 36 चक्रांपैकी एकातही बीजविमोचन चुकले नाही, उलट जवसाविना गेलेल्या 36 चक्रांत ते तीनदा चुकले.

निष्कर्ष लक्षणीय आहे, यात शंका नाही. मात्र या स्त्रियांनी जवस पूर्वार्धापुरते घेतले नव्हते, संपूर्ण चक्रभर रोज घेतले होते. म्हणजे ज्या प्रयोगाचा आधार दिला जातो, तोच बियांच्या पंचांगाला आधार देत नाही. शिवाय तिळातही लिग्नान विपुल असतात. मग जवस अलीकडचे आणि तीळ पलीकडचे, ही वाटणी कशावरून? पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम असलेल्या मुलीला तर पूर्वार्ध कोठे संपला हेच कळत नाही, कारण तिच्यात बीजविमोचनच अनिश्चित असते. आकाशातील चंद्र तिला ते सांगू शकणार नाही.

लोहाचा हिशेब

आपल्या परिसरात या विषयाची खरी निकड संप्रेरकांपेक्षा रक्तक्षयाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण 2015-16 मध्ये 48.0 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 54.2 टक्के झाले. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे सुमारे 15 ते 20 मिलिग्रॅम लोह. स्राव 80 मिलिलिटरच्या पुढे गेल्यास ही हानी दुपटीहून अधिक होते. प्रौढ स्त्रीसाठी रोज 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, तर 10 ग्रॅम तिळातून, म्हणजे साधारण एका लाडवातून, जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळते. त्यातलेही बरेचसे बियांमधील फायटेट अडवून धरते. लिंबू पिळल्यास शोषण सुधारते, जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते घटते. तिळाच्या लाडवाने रक्तक्षय बरा होत नाही, हे म्हणूनच स्पष्टपणे सांगावयास हवे. त्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी व लोहाच्या गोळ्या लागतात.

पाळीच्या तक्रारीची वेळीच तपासणी न झाल्यास काय होते, हे दाखविणारी मंडळी दरवर्षी आपल्या दारी येतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडील टोळ्या कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. पाळीमुळे काम बुडाले की खाडा, म्हणजे मजुरीत कपात. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील पाहणीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. फडात राबणाऱ्या स्त्रीला चमचाभर बियांचा सल्ला देणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

आहारातील स्थान

तरीही बिया टाकाऊ ठरत नाहीत. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांत भाकरीबरोबरची चटणी ही स्निग्धांश, प्रथिने व खनिजे यांची स्वस्त सोय आहे. जवस अख्खे खाल्ल्यास बरेचसे न पचताच बाहेर पडतात. मंद आचेवर भाजून खलबत्त्यात कुटण्याची आपली रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे, आणि वरील प्रयोगातही पूडच वापरली होती. दहा ग्रॅम पूड म्हणजे साधारण दीड मोठा चमचा. ती रोज, तारीख न पाहता, भरपूर पाण्यासह घेता येईल. कुटलेल्या जवसातील तेल लवकर खवट होत असल्याने आठवड्यापुरतीच चटणी करावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गरोदरपणात अळीव न देण्याची घरोघरची जुनी रीत मोडू नये.

वर्गातील एखादी मुलगी बियांविषयी विचारू लागली, तर प्राध्यापिकेने तिला पाळीच्या तारखा विचाराव्यात. तीन महिने पाळी आलेली नसेल, स्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा तासातासाला पॅड बदलावा लागत असेल, तर चटणीचा विषय तेथेच थांबवून तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि शक्य असल्यास तिच्या आईलाही सोबत बोलवावे.