खेळाची शिष्यवृत्ती आणि गुडघ्याखालचे टेंगूळ

गेल्या महिन्यात पूर्णाकाठच्या एका गावातील गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. चार एकर केळी, घरात दोन मुले, धाकटा नववीत. आपल्या भागात कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांचे वेड. पण या मुलाने फुटबॉलचा ध्यास घेतलेला. शाळेच्या संघाबरोबर तो विभागीय स्पर्धेपर्यंत जाऊन आला होता. दोन महिन्यांपासून उजवा गुडघा दुखत होता, जिना चढताना अधिक. पाहिले तर गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, सुपारीएवढे टेंगूळ. बोट लावले की पोरगा कळवळत होता.

"डॉक्टरसाहेब, पंधरा दिवसांनी पुण्याला निवड चाचणी आहे. तेवढ्यापुरते एक इंजेक्शन ठोकून द्या. नंतर तुम्ही म्हणाल तसं करू," वडील म्हणाले. मी काही बोलण्याआधीच दुसरी मागणी आली. वयाचा एक दाखला हवा होता, आणि त्यात एक वर्ष कमी.

दोन्ही गोष्टींना मी नाही म्हणालो. त्यानंतरची पाऊण तासाची बोलणी झाली ती आज लिहितो आहे, कारण असे पालक आता दर महिन्याला एक-दोन तरी येतात.

आधी गुडघ्याचे सांगतो. बारा ते पंधरा या वयात मुलांची हाडे झपाट्याने वाढतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जिथे चिकटतो, तिथे या वयात हाड पक्के झालेले नसते, कूर्चा असते. पळणे, उडी मारणे, चेंडूला लाथ मारणे, प्रत्येक वेळी स्नायू त्या कोवळ्या जागेला ओढतो. रोजची ओढ झाली की ती जागा सुजते, दुखते, टेंगूळ येते. वैद्यकात याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मुलींना हे वर्ष-दोन वर्षे आधी होते. रोग भयंकर नाही. खेळ कमी केला, बर्फाने शेकले, मांडीचे स्नायू ताणण्याचे व्यायाम नियमाने केले की बहुतेकांचे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होते, आणि हाडांची वाढ पूर्ण झाली की संपते. टेंगूळ काहींचे कायम राहते, पण दुखत नाही.

मग इंजेक्शन द्यायला काय हरकत, असे तुम्ही विचाराल. पूर्वी एकदा मी तसे केलेले आहे. कबड्डीचा चांगला चपळ मुलगा होता, वय चौदा, राज्य पातळीची निवड दोन दिवसांवर. वडिलांनी हात जोडले आणि मी दुखणे थांबवण्याचे औषध देऊन त्याला पाठवले. दुखणे हा शरीराचा चौकीदार. मी त्यालाच झोपवले. चढाईत उडी घेताना ती कच्ची जागा हाडासकट उपटून निघाली. जळगावला शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागले. वर्ष गेले आणि निवडही गेली. ते वडील मला आजही भेटतात, एका शब्दाने बोलत नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

आता दाखल्याचे. बोगस दाखल्याने निवड होते हा समज जुना झाला. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हीकडे वयोगटाच्या स्पर्धांसाठी वापरतात. सतरा वर्षांखालील विश्वचषकात तर २००९ पासून मनगटाचे एमआरआय होते. मनगट खोटे बोलत नाही. पकडला गेला तर बंदी मुलावर येते, दाखला देणाऱ्यावर आणि मागणाऱ्यावर गुन्हा वेगळा. शिवाय वय चोरून खेळलेल्या मुलाची फसवणूक पुढे आपोआप उघडी पडते. तो जिंकत असतो अंगाने, कौशल्याने नव्हे. बरोबरीची पोरे वाढली की हा मागे पडतो.

याच्या उलटही घडते, ते पालकांनी नीट समजून घ्यावे. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांत एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसरा अजून बाळसेदार. निवड समितीला पहिला दिसतो. दुसऱ्याची उंची दोन वर्षांनी वाढणार असते, पण तोवर त्याने खेळ सोडलेला असतो. म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी निवड झाली नाही म्हणजे सारे संपले असे नाही, आणि झाली म्हणजे सारे मिळाले असेही नाही.

मुख्य प्रश्न पैशाचा होता. शहरातल्या एका खाजगी अकादमीने या गृहस्थांना सांगितले होते की पहिल्या वर्षी अडीच लाख भरा, दुसऱ्या वर्षापासून शिष्यवृत्ती मिळेल, आणि बारावीनंतर अमेरिकेच्या कॉलेजात फुटबॉलवर फुकट शिक्षण. त्यासाठी पुढच्या हंगामाच्या केळीवर उचल घ्यायची तयारी झाली होती. मी विचारले, "दुसऱ्या वर्षीचे कागदावर लिहून दिले आहे का?" नव्हते दिले.

शिष्यवृत्ती हा शब्द फार गोड आहे, पण त्यात काय येते आणि काय येत नाही हे विचारायला हवे. केंद्र सरकारची खेलो इंडिया योजना घ्या. २०१८ मध्ये तिच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या. निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ५ लाख रुपये, आठ वर्षांपर्यंत, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण पाच लाख घरी येत नाहीत. खेळाडूच्या हातात येतात महिन्याला १० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. बाकीचे प्रशिक्षण, आहार, निवास, साहित्य यांवर खर्च होतात. दरवर्षी कामगिरी तपासतात, उतरली तर नाव वगळतात. आणि साऱ्या देशातून, सगळ्या खेळांचे मिळून, असे खेळाडू काही हजारच असतात. आपल्या एका तालुक्यात शाळेत जाणारी मुले त्याहून कितीतरी जास्त.

राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी हा गरीब घरासाठी खरा रस्ता आहे, असे माझे मत. लहान वयात उंची, वजन, उभी उडी, लांब उडी, तीस मीटर धाव, आठशे मीटर धाव अशा चाचण्या घेऊन मुले निवडतात. राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासनाकडे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, तिथेही प्रबोधिनी आहे. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या एकवीस जणांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, आणि पुण्याच्या प्रबोधिनीतून वर आलेला. त्याच संघात नमित देशपांडे हे दुसरे मराठी नाव, पण तो वाढला अमेरिकेत. त्या वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांच्या पायात फुटबॉल देण्याचा उपक्रमही झाला होता. दहा लाख एकीकडे आणि दोन नावे दुसरीकडे. कोल्हापुरात तर पेठापेठांचे संघ आहेत, तिथे फुटबॉल घरोघरी आहे. आपल्याकडे चांगला प्रशिक्षक मिळणेही कठीण.

अमेरिकेचे स्वप्न दाखवणाऱ्यांविषयी थोडे. तिथल्या विद्यापीठांत खेळावर शिष्यवृत्त्या आहेत हे खरे. पण पुरुषांच्या फुटबॉलमध्ये पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठालाही अनेक वर्षे पूर्ण संघासाठी जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. संघात पंचवीस-तीस मुले, त्यामुळे एकेक शिष्यवृत्ती दोघा-तिघांत वाटली जाई. २०२५ पासून ती मर्यादा काढून संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली गेली. तरी पैसा किती द्यायचा हे ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर. तिसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठांत खेळावर शिष्यवृत्ती नाहीच. तिथे शाळेत खेळणाऱ्या मुलांपैकीच जेमतेम शंभरात दोघांना खेळाच्या जोरावर काही मदत मिळते. ते त्यांचेच प्रमाण, आपण तर समुद्रापलीकडचे. उरलेली फी, विमा, विमानभाडे, इंग्रजीची परीक्षा, हे सारे बापाच्या खिशातून. दलालाची फी मात्र आधी, आणि रोख.

आपल्या कॉलेजांत काय मिळते? बहुधा फीमध्ये सवलत, खेळाचे कपडे-बूट, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर प्रवासखर्च आणि भत्ता. यावर घर चालत नाही, पण मुलाचे शिक्षण थोडे हलके होते. दहावी-बारावीत खेळाचे वाढीव गुण जास्तीत जास्त २५. त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण केवळ भाग घेतल्याचे प्रमाणपत्र चालत नाही; राज्य किंवा त्यावरच्या पातळीचे पदक वा पहिल्या तीनातले स्थान लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. रेल्वेतही खेळाडूंची भरती असते, भुसावळच्या सावलीत राहणाऱ्यांना ते मी काय सांगावे! एक गोष्ट मात्र या साऱ्यांत सारखी: अभ्यास सुटलेला मुलगा यातली एकही पायरी चढू शकत नाही. नोकरीच्या जाहिरातीतही शैक्षणिक अट असतेच.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोराला खेळूच द्यायचं नाही?"

तसे मी म्हणालोच नव्हतो. खेळू द्यायचे, पण हाडामांसाच्या हिशेबाने. मुलाचे वय जितके वर्षे, आठवड्याला तितक्या तासांपेक्षा जास्त बांधीव सराव नको. चौदाच्या मुलाला चौदा तास पुष्कळ झाले. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती. वर्षातून दोन-तीन महिने तोच खेळ नको, पोहावे, खो-खो खेळावे, शेतात हात चालवावा. पंधरा-सोळाच्या आधी एकाच खेळाला जुंपल्याने अतिवापराच्या दुखापती वाढतात आणि पुष्कळ मुलांना त्या खेळाचाच वीट येतो. झोप आठ ते दहा तास. पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत क्लासला बसवले तर शरीर भरून कधी निघणार?

आपल्या उन्हाचेही भान हवे. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावरच मैदान. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. मुलगा गरगरतो म्हणाला, असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे आणि थेट दवाखाना गाठावा.

प्रोटीनच्या डब्याविषयी हमखास विचारतात. दीड-दोन हजारांचा डबा आणण्याची गरज नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असतील तर अंडी, आणि दारात पिकणारी केळी. खेळाआधी तासभर एक केळ आणि खेळानंतर एक, यापेक्षा सोपा उपाय मला ठाऊक नाही. सारा देश आपली केळी खातो आणि आपली पोरे पाकिटातले कुरकुरीत खातात, हे मला पटत नाही.

मुलींच्या पालकांनी एक तपासणी आवर्जून करावी, हिमोग्लोबिनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. मुलगी धापा टाकते, मागे पडते, आणि प्रशिक्षक म्हणतो दम नाही. दम नसतो कारण लोह नसते. पाळी अनियमित झाली तर तेही लपवू नये. कमी खाणे आणि जास्त सराव यांची ती खूण असू शकते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का हे प्रशिक्षकाला पाहायला सांगा. गुडघ्याचा आतला बंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांच्या दोन-तीन पट आहे.

अकादमीत घालायचेच असेल तर पैसे भरण्याआधी काही प्रश्न लेखी विचारावेत, असे मी त्यांना सांगितले. दुखापत झाली तर खर्च कोणाचा? विमा आहे का? मुलगा सहा महिने खेळू शकला नाही तर वसतिगृहात ठेवणार की घरी पाठवणार? शाळा कोणती, हजेरी कोण पाहणार? गेल्या पाच वर्षांतली किती मुले आज कुठे आहेत? चार पालकांचे फोन नंबर मागावेत. यातल्या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून यावे.

पुण्याची चाचणी त्यांनी सोडली. मुलगा दवाखान्यातून जाताना माझ्याकडे पाहायलाही तयार नव्हता. सहा आठवडे पळणे बंद, बर्फ, मांडीचे ताण. भिंतीशी उभ्याने चेंडू थोपवायला मात्र मी परवानगी दिली होती. परवा तो एकटाच सायकलवर आला. टेंगूळ आहे, पण दाबल्यावर थोडेच दुखते. वडिलांनी केळीवर उचल घेतलेली नाही, अकादमीला प्रश्नांचा कागद पाठवला आहे, उत्तर अजून आलेले नाही. त्याने मला विचारले, डाव्या पायाने खेळायला शिकलो तर चालेल का. मी म्हणालो, शिक, पण आठवड्याचे तास मोजून.