धुराडे ट्रॉम्बेला, ओझोन मात्र दूरवर

मुंबई, प्रतिनिधी : उपनगरांतील हवेचा विषय निघाला की चर्चा धूळ, बांधकामे आणि वाहनांच्या धुरापाशी थांबते. निरभ्र दुपारी, हवा वरकरणी स्वच्छ भासत असताना वाढणाऱ्या ओझोनचा उल्लेख क्वचितच होतो. वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र श्वासनलिकेचा दाह करतो आणि दम्याच्या रुग्णांना विशेष त्रास देतो.

हा वायू कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. ट्रॉम्बे येथील टाटांच्या वीज केंद्रातून, तसेच उपनगरांच्या विजेसाठी उभारलेल्या आणि १९९५ साली सुरू झालेल्या डहाणूच्या ५०० मेगावॉट केंद्रातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइडचे विघटन होऊन प्राणवायूचा एक अणू सुटतो आणि तो हवेतील प्राणवायूला मिळून ओझोन बनतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड हाच ओझोन पुन्हा फस्त करतो. म्हणजे हिशेब बरोबरीत सुटावा. पण पेट्रोल, द्रावके, तेलसाठे यांतून उडणारी सेंद्रिय संयुगे मध्ये पडतात. ती नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर परस्पर डायऑक्साइडमध्ये घडवून आणतात. ओझोन खर्च होत नाही, साठत जातो.

यामुळेच धुराड्याच्या अगदी जवळ ओझोन उलट कमी आढळतो. तेथे ताजा नायट्रिक ऑक्साइड इतका असतो की ओझोन टिकतच नाही. धुराचा लोट वाऱ्याबरोबर पसरत, विरळ होत गेला की काही तासांनी, कित्येक किलोमीटरांवर ओझोन वाढू लागतो. डहाणूची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. उंच चिमणीने परिसराचा त्रास कमी होतो हे खरे. पण तो नाहीसा होत नाही, दूर जातो. त्यात मुंबईचा वारा दिवसातून दिशा बदलतो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे गेलेली हवा दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर परतू शकते.

बोरिवली-मुलुंडच्या रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानाचा आधार वाटतो. झाडेही सेंद्रिय संयुगे सोडतात, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणून झाडांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांपासून ओझोन तयार व्हायला नायट्रोजनची ऑक्साइडे लागतात, आणि शहराच्या हवेत ती प्रामुख्याने वाहने, कारखाने व वीज केंद्रे यांची असतात.

डहाणूत २००७ साली गंधकाचे ऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसली. ट्रॉम्बेतही ती आहे. तिचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांना ती फारशी अडवत नाही. त्यासाठी वेगळे बर्नर किंवा अमोनियाच्या साह्याने चालणारी उत्प्रेरक यंत्रणा लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये या ऑक्साइडांची मर्यादा प्रथमच घातली. २००३ अखेरपर्यंतच्या संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ पर्यंतच्या संचांना ३०० मिलिग्रॅम. ही दुसरी मर्यादा २०२० मध्ये सैल करून ४५० करण्यात आली. अमेरिकेने १९९८ साली पूर्वेकडील २२ राज्यांना नेमकी हीच ऑक्साइडे घटवण्यास सांगितले होते; तेथील उन्हाळी ओझोन त्यानंतर उतरला.

मात्र केवळ वीज केंद्रांकडे बोट दाखवून भागणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत वाहने थांबली, नायट्रोजनची ऑक्साइडे घटली आणि जगातील अनेक शहरांत ओझोन वाढला. त्याला फस्त करणारा नायट्रिक ऑक्साइडच उरला नव्हता. म्हणून माहुल-चेंबूरच्या तेलशुद्धीकरण व साठवण पट्ट्यातील सेंद्रिय संयुगेही सोबतच कमी व्हायला हवीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये माहुलच्या या संयुगांबाबत आदेश दिला होता.

ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम आहे. परंतु हवेच्या निर्देशांकात सर्वांत वाईट प्रदूषकाचाच आकडा पुढे येतो. मुंबईत तो बहुधा धूलिकणांचा असतो, त्यामुळे ओझोन त्यामागे झाकला जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे मापन केंद्रे आहेत. तेथील ओझोनचा आकडा वेगळा पाहावा, तोही दुपारी बारा ते चारचा. पावसाळ्यात तो सहसा खाली असतो, कोरड्या महिन्यांत वर चढतो. धुळीसाठीचा मुखपट्टा या वायूला अडवत नाही. शाळांचे मैदानी तास आणि क्रीडास्पर्धा मात्र अनेकदा याच वेळेत होतात.