बहुरूपी फुलपाखरू

श्रावण-भाद्रपदात देऊळघाटला एखाद्या परसातील कढीलिंबापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक काळे फुलपाखरू घिरट्या घालताना दिसण्याचा संभव असतो. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ आणि टोकाला शेपटी. हा नर. त्याची मादी मात्र तीन वेशांत आढळते. म्हणून या जातीला बहुरूपी म्हणणेच शोभते.

पहिल्या वेशातील मादी हुबेहूब नरासारखी. दुसरीच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग व कडेला तांबडे ठिपके. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्यांवर लाल ठिपके. एकाच मादीच्या लेकी निरनिराळ्या वेशांत जन्मू शकतात! या सर्व एकाच जातीच्या माद्या आहेत, हे वॉलेसने १८६४ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडले.

पण हे सोंग कशासाठी? याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतून आले. ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढलेल्या बेट्सने १८६२ साली दाखविले, की काही चविष्ट फुलपाखरे बेचव फुलपाखरांचे रूप घेऊन पक्ष्यांना चकवितात. आपल्याकडे सापसंद, किडामारी या वनस्पतींवर वाढणारी दोन फुलपाखरे विषारी असतात. बहुरूप्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या वेशातील माद्या त्यांचीच नक्कल करतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: अस्सल विषारी फुलपाखराचे अंग लाल, तर नकलीचे काळे.

हा वेश ठरतो तरी कसा? डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले, की नर-मादी भेद घडविणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक मादीचा वेशही ठरविते. नरातही ते असते, पण त्याचा वेश बदलत नाही.

या सोंगाला एक मर्यादा आहे. नकली फार आणि अस्सल थोडी झाली, तर पक्ष्यांना अद्दल घडणार कशी? भय अस्सलाचे असते. नकली त्यावर जगते. काळ्या शेतातील किडामारी आपण तण म्हणून उपटतो, तेव्हा विषारी फुलपाखराचे अन्न जाते. आणि त्याच्यामागोमाग परसातल्या या निरुपद्रवी बहुरूपिणीचे कवचही पातळ होते. बांधावरची चार रोपे राखली, तर काय बिघडेल?