डब्यातली ताकद

बिबवेवाडीत राहणारे दोन भाऊ आहेत, असे समजा. मोठा महाविद्यालयात शिकतो, धाकटा नववीत आहे. तीन महिन्यांपूर्वी मोठा भाऊ व्यायामशाळेत जाऊ लागला. त्याच दिवसापासून तो दुधात एक पावडर घालून पितो. आता त्याचे दंड भरले आहेत. धाकटा म्हणतो, "भाईजान, माझ्या ईदीच्या पैशांतून मलाही तो डबा आणून द्या."

डबा आणण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. दंड कशामुळे भरले? पावडरीमुळे, व्यायामामुळे, की जास्त जेवल्यामुळे? तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या. त्यामुळे नुसते पाहून उत्तर मिळत नाही. धाकट्याच्या वयात तर शरीर आपोआपच वाढत असते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या हकीमांनी 'अल-कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम सांगितले. औषधाचा परिणाम वारंवार दिसला पाहिजे. एखाद्या वेळी दिसला तर तो योगायोग असू शकतो, असा त्यांतील एक नियम आहे.

आजचे शास्त्रज्ञ आणखी पुढे जातात. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट करतात. एका गटाला खरी पावडर देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी पूड. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्याला आणि मोजणाऱ्यालाही माहीत नसते. व्यायाम दोघांचा सारखाच असतो. शेवटी जो फरक उरतो, तो पावडरीचा.

अशा ४९ चाचण्यांचा एकत्र अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाबरोबर जादा प्रथिने घेतल्यास प्रौढांना थोडा फायदा होतो, असे दिसले. पण एका मर्यादेनंतर प्रथिने वाढवून स्नायू वाढत नाहीत. मुख्य काम व्यायामच करतो.

डब्यावर लिहिलेले डब्यात असते का, हेही तपासावे लागते. भारतातील डॉक्टरांनी येथे विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरी तपासल्या. तो अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २५ डब्यांवरील प्रथिनांचे प्रमाण चुकीचे निघाले. काहींत बुरशीपासून होणारे विषारी द्रव्यही सापडले.

वजन उतरवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. सिब्युट्रामिन या औषधाने भूक कमी होते, पण हृदयाला धोका पोहोचतो. म्हणून २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. तरीही 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत हेच औषध लपवलेले आढळले आहे. म्हणजे एखादी गोळी गुणकारी ठरली, तरी ती सुरक्षित असतेच असे नाही.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने पुरतात. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. शरीर बळकट करण्यासाठी प्रथिन-पावडरी घेऊ नयेत, असा सल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिला.

मोठ्या भावाने हे सारे समजून घेतले, तर तो धाकट्याला काय सांगेल? "चल, मार्केट यार्डातून डाळ आणि चणे आणू. उद्यापासून माझ्याबरोबर व्यायामाला ये. तीन महिन्यांनी पाहू. तुझी ईदी तुझ्याकडेच राहू दे."