स्वागत समारंभ : पाहुणे प्रेक्षक की सहभागी?

थोरल्या मुलाच्या विवाहानंतर चार दिवसांनी आम्ही स्वागत समारंभाची ध्वनिचित्रफीत घरी पाहत बसलो होतो. वाद्यवृंद रंगात आलेला, रोषणाई डोळे दिपवणारी. कॅमेरा फिरत फिरत सभागृहाच्या एका कोपऱ्यात गेला आणि ध्वनिक्षेपकाशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आमच्या मामी दिसल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. शेजारच्या बाईंना त्या काही सांगू पाहत होत्या, त्या बाई कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण करीत होत्या. थोड्या वेळाने मामी उठून निघून गेल्या. त्या केव्हा गेल्या हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

मी त्याच संध्याकाळी त्यांना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या, "झगमगाट छान होता रे. बोलणं मात्र कुणाशी झालं नाही."

बँकेत चौतीस वर्षे मी लोकांचे जमाखर्च तपासले. त्या रात्री स्वतःच्या घरचा तपासला. मनोरंजनावर केलेला खर्च मोठा होता आणि जमेच्या बाजूस आप्तांची एकही भेट धडपणे मांडता येत नव्हती. धाकट्या मुलाच्या वेळी आम्ही वेगळी आखणी केली. तिच्यातील जे उपयोगी ठरले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी वेळेचे गणित

मंचापुढची रांग हा आपल्या समारंभांचा सर्वांत कंटाळवाणा भाग होय. निमंत्रितांचे दीडशे गट धरले आणि प्रत्येक गटास शुभेच्छा व छायाचित्र यांसाठी एकच मिनिट दिले, तरी अडीच तास होतात. तेवढा वेळ नवदांपत्य उभे आणि पाहुणेही उभे. आम्ही रांगच काढून टाकली. वधू-वर मंचावरून खाली उतरले आणि प्रत्येक बैठकीपाशी जाऊन भेटले. ज्येष्ठांच्या बैठकीपासून आरंभ केला.

दुसरे गणित भोजनाचे. आपल्या अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळतात. डिसेंबरात सांगलीकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. यास्तव आम्ही पेठेच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडला, साडेचारला पंगती सुरू केल्या आणि सहा ते साडेसात हा वेळ कार्यक्रमासाठी राखला. पोट भरलेले आणि मन निश्चिंत असलेले पाहुणे घाई करीत नाहीत, हा अनुभव आला. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक सर्वसाधारणपणे लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल व रात्रीची ४५ डेसिबल आहे. लवकर आरंभ केला की या नियमाचीही चिंता उरत नाही.

उखाणे, पण उलट

उखाण्यासाठी नववधूस भंडावून सोडण्याची आपली रीत आहे. आम्ही ती फिरवली. विवाहास चाळीस वर्षे झालेल्या दांपत्यांनी उखाणे घ्यायचे आणि वधू-वरांनी परीक्षक व्हायचे. पतींनाही सूट नव्हती. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्य गेलेल्या एका काकूंनी तत्काळ रचले :

दुकानाच्या गल्ल्यात नाणी खणखणती,
…रावांच्या उधारीची वही माझ्याच हाती!

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. विनोदासाठी कोणा कलावंतास बोलवावे लागले नाही.

औटकीचा सामना

हा खेळ व्यापारी कुटुंबांसाठीच आहे असे म्हणावे लागेल. एका बाजूस सत्तरीपुढील मंडळी, दुसऱ्या बाजूस मोबाइल घेतलेली नातवंडे. प्रश्न जुन्या बाजारातले. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करीत असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

मी विचारले, "सवा रुपया शेर दराने साडेतीन शेर गुळाचे किती?" मुलांच्या पडद्यावर ४.३७५ असे उत्तर आले आणि ती थबकली. मागच्या खुर्चीवरून मामींचा आवाज आला, "चार रुपये सहा आणे." पुढची पाच उत्तरेही त्यांनीच दिली. लहानपणी गणपती पेठेत वडिलांच्या दुकानात बसून हे शिकले, असे त्यांनी सांगितले, तेव्हा सभागृह अगदी शांत झाले होते. ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही.

मुलांसाठी ज्ञानबाजी

मुले पळापळ करतात, कारण त्यांच्यासाठी आपण काहीच योजलेले नसते. सापशिडीचा खेळ मूळचा आपल्या देशातला. जैन परंपरेत तो ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड म्हणून ओळखला जातो आणि तिचे पट बहुधा ८४ घरांचे असतात. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. आम्ही जाड कापडावर मोठा पट रंगवून घेतला. मुले स्वतःच सोंगट्या होऊन घराघरांवर उभी राहत. फासा पुठ्ठ्याच्या खोक्याचा. क्रोधाच्या सापावरून खाली घसरलेल्या नातवाने रागावून पाय आपटले, तेव्हा मोठ्यांचीही हसून मुरकुंडी वळली.

कलावंत एकच, पण नीट निवडलेला

व्यावसायिक कार्यक्रम हवाच असेल, तर तो पंचवीस मिनिटांचा असावा आणि त्या वेळी भोजन चालू नसावे. शब्दभ्रमाची कला पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावामुळे महाराष्ट्रात घरोघर परिचित आहे आणि बोलक्या बाहुल्या तीनही पिढ्यांना रिझवतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या हाही उत्तम पर्याय आहे. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बासरी-तबल्याची संथ जुगलबंदीही शोभते. कलावंतास आधी भेटावे. कोणाचे रूप, वर्ण, व्यंग यांवर विनोद नकोत हे स्पष्ट सांगावे. मानधन, वेळ व आगाऊ रक्कम लेखी ठरवावी. तोंडी व्यवहारात दोन्ही बाजूंचे मन दुखावते, हे बँकेच्या खुर्चीवरून मी पुष्कळदा पाहिले आहे.

लाल वही

प्रवेशद्वारी आम्ही अभिप्रायवहीऐवजी दुकानातली लाल कापडी वही ठेवली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पाहुण्यांनी जमेकडे आशीर्वाद लिहायचा आणि नावेकडे आपण नवदांपत्याचे काय देणे लागतो ते लिहायचे. पैशाचे देणे चालणार नाही, एवढीच अट. लोकांनी मोठ्या हौसेने लिहिले. 'दिवाळीच्या गर्दीत एक दिवस दुकान सांभाळीन.' 'सुनेला दुचाकी चालवायला शिकवीन.' 'महिन्यातून एकदा घरी येऊन नुसता चहा पिईन.' वसुलीच्या निमित्ताने घरात वर्षभर माणसांचे येणे-जाणे राहिले.

या साऱ्यास आलेला खर्च थोरल्याच्या वेळच्या वाद्यवृंदाच्या मानधनाहून कमी होता. खर्च वाचवणे हा हेतू मात्र नव्हता. ज्यांना निमंत्रण दिले त्यांच्यापैकी कोणीही न बोलता, न भेटता परत जाऊ नये, एवढेच आम्हांस हवे होते. ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य आहे त्यांनी कार्यक्रमाची यादी करण्याआधी ज्येष्ठ पाहुण्यांची यादी करावी आणि त्यातील प्रत्येकास काय येते हे एका ओळीत लिहून पाहावे. अर्धा कार्यक्रम तेथेच सापडेल.

त्या लाल वहीत मामींच्या थरथरत्या अक्षरातली नोंद नावेच्या बाजूस आहे : 'नातसुनेस औटकी शिकवीन.' आमची सून संगणकशास्त्राची पदवीधर. ती दर रविवारी दुपारी मामींकडे जाऊ लागली. सवायकी झाली, दिडकी झाली, अडीचकी संपत आली आहे. औटकी अजून बाकी आहे आणि दोघींनाही तिची घाई दिसत नाही.